सोनं मोजलं, माणसं राहिली

१४ एप्रिल म्हटलं की आपल्या वस्त्यांतून निळे झेंडे, गोडाचं ताट आणि रात्रीची मिरवणूक. आमच्या घरात या तारखेला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे. १९४४ साली याच दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षं पुरी झाली. शुक्रवार होता. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. माझा आजा त्या गोदीत हमालीला गेला होता. तो परत आला नाही. त्याचं प्रेत नाही, कागद नाही, कुठल्या यादीत नाव नाही. जयंतीच्या दिवशी आजी सकाळी पोरांना गोड खाऊ घालायची आणि दुपारी चारनंतर कुणाशी बोलायची नाही.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. रडून झालेलं आहे, तेही आजीचं. मला एक साधा हिशेब मांडायचा आहे. लढाई आली की सरकार दार लावून घेतं आणि आतून सांगतं, शत्रू ऐकतोय, गप्प बसा. आपण बसतो. मग लढाई संपते, शत्रू घरी जातो आणि दार लागलेलंच राहतं. तेव्हा विचारायला पाहिजे, की हे लपवलं कुणापासून? याचा जबाब कुणी दिला? आणि या सगळ्यात आपलं माणूस कुठल्या रकान्यात बसलं?

आधी जहाजाची गोष्ट. ती आता सगळीकडे छापलेली आहे, पण आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. फोर्ट स्टिकिन इंग्लंडातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईला लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. त्याच पोटात कराचीला भरलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. शिवाय तेलाची पिंपं, लाकूड, भंगार. आणि बँकेसाठी आणलेल्या सोन्याच्या १२४ विटा, ३१ पेट्यांत, पेटीमागे चार. दारूगोळ्याच्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. या जहाजावर तो नव्हता. असला माल एरवी बाहेर पाण्यातच पडावांत उतरवायचा, पण लढाईच्या घाईत तो नेम बाजूला ठेवला आणि जहाज थेट धक्क्याला लावलं.

दुपारी दोनच्या सुमाराला जहाजाच्या पोटात आग असल्याचं ध्यानात आलं. बंब आले, पाणी मारू लागले. जहाज बुडवायचं, की ओढून बाहेर न्यायचं, याचा हुकूम द्यायला कुणी पुढे येईना. दोन तास गेले. लाल बावटा नाही म्हणून गोदीतल्या माणसांना आत काय आहे याचा पत्ता नाही. लोक उभे राहून आग बघत होते. मग पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आगीत आणि पाण्यात तेराएक जहाजं गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आग तीन दिवस आवरली नाही. पाच लाख टन ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती. पन्नास हजार टनांच्या वर धान्य जळालं. आदल्याच वर्षी बंगालात लोक भुकेने मेले होते, आणि इथे तांदूळ गोदीत जळत होता.

आता गुपिताची गोष्ट. सायगावचं रेडिओ केंद्र तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होतं. त्याने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, या स्फोटाची तपशीलवार बातमी दिली. म्हणजे शत्रूला एका दिवसात कळलं. इथल्या बातमीदारांना मात्र मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत बातमी पाठवायची परवानगी नव्हती. सुधीश घटक नावाच्या छायाचित्रकाराने आगीचं चित्रीकरण केलं होतं, ते लष्करी अधिकाऱ्यांनी काढून घेतलं. आवाज पन्नास मैलांवर ऐकू गेला होता. इथे खारीच्या बांधावर आजीचा भाऊ मिठागरात काम करत होता. तो सांगायचा, 'आभाळात ढग न्हाई आन् गडगडलं. बगळं उठलं सगळं.' बगळ्यांनासुद्धा कळलं. सेन्सॉरची कात्री चालली ती वर्तमानपत्रावर, म्हणजे आपल्यावर.

माझगावच्या बाजूला एका चाळीच्या जिन्याखाली आमचं बिऱ्हाड होतं. बाप दहा वर्षांचा. आजा कायम कामगार नव्हता. तेव्हा गोदीतली बहुतेक माणसं रोज सकाळी उभी राहायची, मुकादम बोट दाखवील तो आत. आज्याला स्वतःचा बिल्लाही नव्हता. शेजारच्या खोलीतला एक जण तापाने पडला होता, त्याच्या बिल्ल्यावर आजा त्या दिवशी आत गेला. मजुरी अर्धी-अर्धी वाटून घ्यायची, असा ठराव. हे सगळेच करायचे. मुकादमाला माहीत असायचं, त्याचे त्यात दोन पैसे असायचे.

आजी आठ दिवस इस्पितळं हिंडली. मग पोराचा हात धरून एका कचेरीत गेली. कुठली, ते ती धड सांगू शकत नव्हती आणि मीही सांगत नाही. बाबूने नाव विचारलं. आता बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. आजी गप्प. बाबू खेकसला. शेवटी दहा वर्षांच्या बापाने स्वतःच्या बापाचं नाव सांगितलं. यादीत ते नव्हतं. मग तिने बिल्ल्याची गोष्ट सांगितली. बाबूने नंबर पाहिला आणि म्हणाला, 'या बिल्ल्याचा माणूस तर जिवंत आहे. मग तुझा मेला कोण?'

वर सांगितलं, बाहेर जास्त बोलू नकोस, लढाईचा कायदा आहे.

आजी हे सांगायची तेव्हा आवाज चढवायची नाही. 'म्या त्येला म्हनलं, साहेब, लढाई तुमची, गोदी तुमची, जहाज तुमचं. मानूस तेवढं माजं व्हतं. त्ये कुठं हाय, एवढंच सांगा.' बाबूने पुढच्याला हाक मारली. बिल्लेवाला शेजारी साक्षीला आला नाही. आला असता तर त्याचा बिल्ला गेला असता, पोरं उपाशी मेली असती. आजीने त्याला कधी शिवी दिली नाही. मी एकदा दिली तर मलाच म्हणाली, 'त्येच्या जागी तू असतास तर?'

स्फोटाची जबाबदारी पुढे सरकारने घेतली. चौकशी आयोग बसला. ज्यांनी मालमत्तेच्या नुकसानीचे दावे लावले त्यांना भरपाई मिळाली. गोदाम जळालेल्याकडे भाड्याची पावती होती, कापूसवाल्याकडे गाठींचा हिशेब होता. सोन्याची वीट उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, त्याने ती परत केली. बाकीच्या विटा गाळ उपसताना सापडत राहिल्या, १९७० नंतरच्या दशकातसुद्धा. १२४ हा आकडा पक्का आहे. त्यात वर-खाली नाही. मेलेल्या माणसांचा आकडा काढायला जा. कुणी ७०० म्हणतं, कुणी ८००, कुणी १,३००. पाचसहाशे माणसांचा फरक! सोन्यात एका विटेचा फरक कुणी चालवून घेतला असता का?

गुपित दोन जातींचं असतं, हे मला इथे समजलं. एक गुपित फाइलीत असतं. त्याच्यावर शिक्का असतो, ते कपाटात असतं, कधीतरी कुणीतरी कपाट उघडील अशी आशा असते. दुसऱ्या गुपिताची फाइलच नसते. ते लपवावं लागत नाही, कारण लिहिलेलंच नसतं. वरच्या माणसांची चूक पहिल्या जातीच्या गुपितात जाते. आपल्या माणसांचं मरण दुसऱ्या. आणि ही दोन्ही एकमेकांना धरून असतात. किती मेले हे नक्की नसलं, की किती जणांच्या मरणाचा जबाब द्यायचा हेही नक्की राहत नाही.

कुणी म्हणेल, तेव्हा बाबासाहेब सरकारात होते, त्याचं काय? विचारावं, विचारायला हरकत नाही. ते १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. जहाजं, दारूगोळा आणि सेन्सॉर त्यांच्या खात्यात नव्हते. पण त्यांच्या खात्यातली एक गोष्ट सांगतो. लढाईला कोळसा कमी पडतो म्हणून १९४३ मध्ये सरकारने बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर गदारोळ झाला. बाबासाहेब उठले आणि सरकारच्या बाजूने उत्तर दिलं. तो निर्णय मला पटत नाही. माझ्या आजीसारख्याच बायका त्या खाणीत उतरल्या असणार. पण लढाई चालू असताना, त्या लढाईसाठीच घेतलेल्या निर्णयाचा जाब भर सभागृहात विचारला गेला आणि खात्याच्या माणसाने तो तिथेच दिला. लढाई आहे, विचारू नका, असं म्हणून ते सुटले नाहीत. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. आणि ज्या गोदीत माणसं रोज सकाळी उभी राहायची, तिथल्या रोजगाराची नोंद आणि नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला. आज्याला चार वर्षं उशीर.

१९५१ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी दिला, हे आपण सांगतो आणि ते खरं आहे. पण त्या निवेदनात लष्करी खर्चाचीही गोष्ट होती. देशाच्या ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात आणि याचं मूळ परराष्ट्र धोरणात आहे, असं त्यांनी मांडलं. १० ऑक्टोबरला ते संसदेत निवेदन करायला गेले तर उपसभापतींनी आधी प्रत मागितली. बाबासाहेबांनी ती दिली नाही. सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिलं. आपल्या माणसाने सरकारात असतानाही आणि सुटतानाही काय करायचं असतं, ते इथे दिसतं.

१९६२ मला थोडं थोडं आठवतं. धर्मांतराच्या वर्षीचा माझा जन्म, म्हणजे मी सहा वर्षांचा. तोपर्यंत आम्ही खारीत रुजलो होतो. गोदीनंतर आजी भावाकडे आली ती इथलीच झाली. मिठागराच्या कडेला झोपडी, पायांना मिठाने पडलेल्या भेगा. चीनची लढाई लागली तेव्हा संरक्षण निधीसाठी बापाची एका दिवसाची मजुरी मालकाने कापून घेतली. बापाची तक्रार नव्हती. बायकांनी बांगड्या दिल्या, आमच्याकडे बांगड्या काचेच्या. कृष्ण मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं सगळा महाराष्ट्र म्हणत होता. आम्हीही म्हणालो.

मग काय झालं? हरलो का, याची चौकशी लष्कराने लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्याकडे दिली. १९६३ मध्ये अहवाल आला. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत त्यावर निवेदन केलं. अहवाल मात्र ठेवला नाही. नेव्हिल मॅक्सवेल नावाच्या परदेशी पत्रकाराला तो मिळाला, त्याने १९७० मध्ये त्याच्या आधाराने पुस्तक लिहिलं. आपल्याकडे २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी अहवाल मागितला. २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितलं, देता येणार नाही. २०१४ मध्ये मॅक्सवेलने त्याच्याकडचा भाग इंटरनेटवर टाकला. आपल्या जवानांच्या हाती काय नव्हतं, कुणाच्या हट्टापायी चौक्या पुढे नेल्या, हे चीनला लढाईतच कळलं होतं. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मारले गेले आणि १,६९६ बेपत्ता झाले. बेपत्ता हा शब्द आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे इंग्रज गेला तरी कपाट तेच. १९२३ चा गोपनीयतेचा कायदाही त्याचाच. आणि दुसरीकडे असंही झालं, की कारगिलच्या लढाईनंतर चौकशी समिती बसली आणि २००० मध्ये तिचा अहवाल, काही मजकूर गाळून का होईना, संसदेपुढे ठेवला गेला. त्याने देश बुडाला नाही. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

अलीकडची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी चार दिवस लढाई झाली. आपली विमानं पडली का, असं विचारणाऱ्याला इकडे लोक खायला उठले. ३१ मे ला संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापुरात परदेशी वृत्तसंस्थांपुढे मान्य केलं, की पहिल्या दिवशी विमानं गमावली. किती, ते नाही. ऐन लढाईत आकडा सांगू नये, हे मला मान्य आहे. सैन्याच्या हालचाली, जहाज कधी सुटणार, तोफा कुठे आहेत, हे लपवावंच लागतं. महार रेजिमेंटमध्ये आपली पोरं आहेत, त्यांचा जीव त्यावर असतो. पण तोफ कुठे आहे हे लपवणं वेगळं आणि तोफ चुकीच्या जागी कुणी ठेवली हे लपवणं वेगळं. पहिल्याने जवान वाचतो. दुसऱ्याने साहेब वाचतो. आणि १९४४ ला बातमी सायगावहून यायची, २०२५ ला सिंगापूरहून यावी, हे काही बरं लक्षण नाही.

आता आपण काय करायचं? मोर्चे, अर्ज, माहितीचा अधिकार, हे आहेच. गुपिताला मुदत पाहिजे आणि गुपित ठेवणाऱ्याची सही पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे. त्याबरोबर आजीकडून शिकलेली एक गोष्ट सांगतो.

मिठागरात मीठ टोपल्यांनी वाहायचं आणि टोपलीवर पैसे. मुकादम मोजायचा. दिवसाच्या शेवटी त्याच्या मोजणीत हमखास पाच-सहा टोपल्या कमी भरायच्या. बायका भांडायच्या, मुकादम वही दाखवायचा. आजीला अक्षर येत नव्हतं. तिने पदराच्या टोकाला सुतळी बांधली. दहा टोपल्यांना एक गाठ. संध्याकाळी सुतळी मुकादमाच्या वहीवर ठेवायची आणि म्हणायची, 'वाच.' पहिल्यांदा तो हसला. मग इतर बायकांनीही सुतळ्या बांधल्या. चौदा-पंधरा सुतळ्या एकदम वहीवर आल्या तेव्हा हसायचा थांबला. मी विचारलं, 'हे तुला कुणी शिकवलं?' तर म्हणाली, 'गोदीनं. त्यांची वही त्यांची असती. आपली मोजनी आपल्यापाशी पायजे.'

आजी १९८६ मध्ये गेली. मरायच्या आधी दोन-एक वर्षं मी तिला बसवलं आणि एक वही केली. त्या दिवशी गोदीत गेलेले, परत न आलेले, तिला आठवणारे सगळे. अकरा नावं निघाली. गाव, वय, चाळ, मुकादम कोण, स्वतःच्या बिल्ल्यावर होता की दुसऱ्याच्या. आज्याच्या नावाशी आलो तेव्हा मी थांबलो. बाप जवळच होता, तो सांगेल असं वाटलं. पण आजीने स्वतः नाव घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मोठ्याने, बापाच्या नावासकट. मग म्हणाली, 'लिवलंस? वाचून दाव.'

ती अकरा नावं कुठल्या सरकारी यादीत आहेत का, हे मी शोधत असतो. मिळालेली नाहीत. ६६ अग्निशामकांसाठी दरवर्षी १४ एप्रिलला बिगुल वाजतो, आणि तो वाजलाच पाहिजे, ती माणसं आगीत उभी राहून मेली. आमच्या अकरांसाठी त्याच दिवशी वही उघडली जाते.

खारीत आता इमारती झाल्या. पण दुसऱ्याच्या कार्डावर कामाला जाणारी पोरं अजून आहेत. ठेकेदाराच्या गाडीत सकाळी बसतात, मस्टरावर भलत्याचं नाव. उद्या काही झालं तर बाबू तेच विचारणार, या कार्डाचा माणूस जिवंत आहे, मग तुझा मेला कोण? तेव्हा दोस्तहो, आपापल्या वस्तीत म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापुढे वही घेऊन बसा. लढाईत, गोदीत, खाणीत, गटारात गेलेल्यांची नावं काढा. तारीख लिहा, ठेकेदार लिहा, हुकूम कुणाचा होता ते लिहा. आणि आज कामावर जाणाऱ्या पोराचं नावही रात्रीच लिहून ठेवा. सरकारची वही उघडेल तेव्हा उघडेल. तिच्यावर ठेवायला आपली सुतळी तयार पाहिजे.

जयभीम.